सात मिनिटे, पडद्यापुढे

परीक्षक व्हायला कलेचं ज्ञान लागतं, हा एक जुना गैरसमज आहे. लागते ती लोखंडी घडीच्या खुर्चीवर चार तास बसण्याची ताकद, आणि निकाल जाहीर झाल्यावर मागच्या दाराने बाहेर पडण्याची चपळाई. एवढ्या दोन गुणांच्या भांडवलावर मी आजवर अनेक गणेशोत्सव आणि स्नेहसंमेलनं तपासली आहेत. ‘विविध गुणदर्शन’ असं त्या कार्यक्रमाचं नाव. गुण असोत वा नसोत, विविधतेत कधी कमी पडत नाही.

या धंद्यातला माणूस साहजिकच दुसऱ्यांची परीक्षणं वाचतो. आपल्याकडची नाट्यपरीक्षणं तुम्हीही वाचली असतील. नेपथ्य यथायोग्य, प्रकाशयोजना अनुरूप, पार्श्वसंगीत पूरक आणि एकूण प्रयोग सफाईदार. हे चार शब्द गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या जागा बदलून बसताहेत, पण खाली कोणी उतरत नाही. यात परीक्षकाचा दोष नाही. बिचारा फुकट पासावर आलेला असतो, मध्यंतरात त्याला बटाटेवडा मिळालेला असतो. नाटक पडलं तरी त्याच्या खिशातून काही जात नाही आणि चाललं तरी काही येत नाही. ज्याला लग्नात घ्यायचं नाही की द्यायचं नाही, तो वऱ्हाडी सगळ्यांनाच ‘छान झालं’ म्हणणार.

मग एकदा माझ्या वाचनात अशी परीक्षणं आली, की जी लिहिणाऱ्याच्या पगाराचा प्रश्न त्यांच्यात गुंतलेला होता. ती होती अमेरिकेतली, व्हॉडव्हिलची. लिहिणारे होते थिएटरचे मॅनेजर. आणि तुम्हाला सांगतो, समीक्षा नावाची गोष्ट अशीही असू शकते हे मला त्यांच्यामुळे कळलं.

व्हॉडव्हिल म्हणजे आपण ज्याला ‘व्हरायटी एंटरटेनमेंट’ म्हणत आलो, त्याचं थोरलं घराणं. एका तिकिटात आठ-नऊ नंबर. कसरतवाले, गाणारे, नाचणारे, जादूगार, शिकवलेली कुत्री, अर्ध्या तासाच्या आत संपणारं नाटुकलं, आणि एकटा येऊन हसवणारा विनोदवीर. एका नंबराचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही. या धंद्याची दुकानदारी ज्याने बसवली तो बेंजामिन फ्रँकलिन कीथ हा मूळचा सर्कशीच्या आसपास वावरलेला गडी. १८८३ साली बोस्टनमध्ये त्याने एक ‘म्युझियम’ काढलं आणि त्यात मुख्य आकर्षण म्हणून अपुऱ्या दिवसांचं एक तान्हं मूल ठेवलं. ‘बेबी ॲलिस’ म्हणून. लोक पैसे देऊन ते बघायला येत. १८८५ मध्ये त्याने सतत चालणारा खेळ सुरू केला : केव्हाही या, केव्हाही बसा, नंबर फिरत राहणार. पुढे एडवर्ड आल्बी नावाचा भागीदार मिळाला आणि या जोडीने गावोगाव महालासारखी थिएटरं उभी केली. बायकामुलांना घेऊन निर्धास्त यावं इतकं त्यांच्याकडे सगळं सोवळं. नट मंडळी या थिएटरांना चेष्टेने ‘रविवारची शाळा’ म्हणत.

आता गंमत बघा. नंबर ठरवणारं मुख्य ऑफिस न्यूयॉर्कला. खेळ मात्र बोस्टनला, फिलाडेल्फियाला, प्रॉव्हिडन्सला. मुख्य ऑफिसातल्या माणसाला कळणार कसं, की त्याने धाडलेला जादूगार तिकडे टाळ्या घेतो आहे की शिव्या? म्हणून शिरस्ता असा, की दर सोमवारी नवे नंबर आले की दुपारचा पहिला खेळ मॅनेजरने जातीने बघायचा आणि प्रत्येक नंबरावर चार-पाच ओळींचा रिपोर्ट न्यूयॉर्कला धाडायचा. त्याच्या प्रती मग साखळीतल्या इतर मॅनेजरांकडे जायच्या. १९०२ पासून १९२३ पर्यंतचे असे रिपोर्ट आज आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. म्हणजे वर्षानुवर्षं, दर सोमवारी, जेवण झाल्यावर, ज्याला डुलकी घ्यायची सोय नाही अशा माणसांनी केलेली समीक्षा!

या रिपोर्टांत विशेषणांची उधळण नाही. नाव काय, काय करतात, किती मिनिटं, रंगमंचावर जागा किती लागते, लोकांनी कसं घेतलं, आणि काय कापायला सांगितलं. बस्. यातली ‘जागा किती लागते’ ही भानगड जरा समजून घ्या. काही नंबर सगळ्यांत पुढच्या पडद्याच्या पुढे, चार-पाच हाताच्या पट्टीत होत. काहींना सबंध रंगमंच लागे. पुढे एकटा माणूस विनोद सांगतोय, तेवढ्यात मागे पडद्याआड कसरतवाल्यांचे खांब उभे राहताहेत. आपल्या संगीत नाटकांत ‘रस्त्याचा पडदा’ टाकून दोन पात्रांना उगीच गप्पा मारायला लावत आणि मागे राजवाडा लावत, तोच प्रकार. म्हणून ‘पडद्यापुढे, बारा मिनिटं’ हे त्या नटाचं वर्णन तर होतंच, शिवाय मागे ठोकाठोक करणाऱ्या सुताराला दिलेली मुदत होती.

पण मला या कागदांत सगळ्यांत भावलं ते दुसरंच. मॅनेजरला स्वतःला काय वाटलं आणि थिएटरला काय वाटलं, ही दोन खाती त्याला वेगळी ठेवावीच लागत. नंबर त्याला टुकार वाटो. गॅलरी खो-खो हसत असेल तर तसं लिहिणं भाग. कारण गॅलरीचं हसू गल्ल्यात वाजतं. आणि उलटही. त्याला स्वतःला एखादी गायिका फार आवडली आणि लोक जांभया देत होते, तर जांभयाही कळवायच्या. आपल्याकडे परीक्षकाला जे आवडलं नाही ते ‘प्रेक्षकांना रुचणार नाही’ आणि जे प्रेक्षकांना रुचलं ते ‘अभिरुचीचा ऱ्हास’! एकाच खिशात दोघांचे पैसे ठेवले की हिशेब असाच होतो.

आता नंबर लावण्याचं शास्त्र. न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर १९१३ साली उघडलं. त्याच वर्षी तिथे सारा बर्नहार्टने काम केलं, म्हणजे थिएटर काय तोलाचं ते समजा. व्हॉडव्हिलच्या नटाने पॅलेसला काम केलं की गंगेत घोडं न्हालं. तिथले नंबर लावणारे जॉर्ज गॉटलीब यांनी आपली रीत सांगून ठेवली आहे. ती ब्रेट पेज यांच्या १९१५ च्या व्हॉडव्हिल-लेखनावरच्या पुस्तकात आहे. नऊ नंबर. पहिला मुका, म्हणजे कसरत किंवा जनावरं; कारण लोक अजून आत येताहेत, खुर्च्या शोधताहेत, बोललेलं ऐकू कोणाला येणार? दुसरा जरा बरा, बहुधा गाणारं जोडपं, लोकांना स्थिरस्थावर करायला. तिसरा जागं करणारा. चौथ्याला पहिला जोरदार ठोसा. पाचवा असा, की मध्यंतरात लोकांनी त्याच्याबद्दलच बोलत बाहेर जावं. सहावा सगळ्यांत अवघड : लोक परत येताहेत, रंग तर उतरता कामा नये. सातवा भारदस्त, पूर्ण रंगमंचाचा, बहुधा नाटुकलं. आठवा म्हणजे मानाचं पान. सगळे ज्याची वाट बघत बसलेत तो, बहुतेक वेळा एकटा विनोदवीर. आणि नववा पुन्हा डोळ्यांना सुखवणारा, कारण लोक टोप्या शोधत उठू लागलेले असतात. या शेवटच्या नंबरावाल्यांत एक म्हण होती, की आपण प्रेक्षकांच्या तोंडांसमोर काम करत नाही, त्यांच्या मानेवरच्या हजामतीसमोर करतो.

वाचता वाचता मला आपलं पंगतीचं पान आठवलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. वरणभात मधोमध आणि मठ्ठा शेवटी. आता चटणी मुदीएवढी वाढली आणि भात चिमूटभर वाढला, तर आचाऱ्याला शिव्या बसतील. आणि चूक ना चटणीची, ना भाताची! तमाशातही आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि सरतेशेवटी वग. कोणी वग आधी लावून गण शेवटी म्हणेल, तर गणपतीही उठून जाईल.

सांगायचा मुद्दा असा, की ‘हा नंबर चांगला की वाईट?’ हा प्रश्न या मॅनेजरांना अर्धाच वाटत असणार. त्यांचा पुरा प्रश्न होता, ‘कितवा? किती मिनिटं?’ पहिल्या नंबराला पडलेला माणूस चौथ्याला उभा राहतो. सतरा मिनिटांत कंटाळा आणणारी जोडी अकरा मिनिटांत हवीहवीशी होते. जगात वाईट म्हणून जे काही खपतं, त्यातलं बरंचसं चुकीच्या जागी ठेवलेलं आणि पाच मिनिटं लांबलेलं असतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. त्यात काही भाषणं, काही लग्नं आणि बरेचसे सत्कारही धरावेत.

हे मत नुसतं पुस्तकी नाही. मी ज्या एका मंडळाच्या कार्यक्रमाला परीक्षक म्हणून जातो, तिथे एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी नाव देतात. आयुष्य गिरणीत गेलं, साचेखात्यात. गिरणी केव्हाच बंद झाली, पण त्यांच्या तोंडात ती अजून चालू आहे. ते नुसत्या तोंडाने गिरणी करून दाखवतात. पहाटेचा भोंगा, दारावरची गडबड, एक साचा सुरू होतो, मग दुसरा, मग सबंध खातं, आणि शेवटी पट्टा तुटल्याचा आवाज. सात मिनिटं. सेक्रेटरी त्यांचा नंबर पहिला लावायचे. का? तर म्हणे, ‘त्यांना साहित्य काही लागत नाही, काका. माईक दिला की झालं.’ पहिल्या नंबराला आमच्याकडे काय चाललेलं असतं? खुर्च्या ओढणं, पोरं रडणं, ‘हॅलो माईक टेस्टिंग’ आणि ‘पांढरी स्कूटर कोणाची आहे त्यांनी ती हलवावी’ ही घोषणा. त्यात त्यांचा भोंगा झाला की लोकांना वाटायचं, स्पीकर बिघडला.

हे रिपोर्ट वाचल्यावर मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, ‘यंदा यांना शेवटून दुसरा द्या. पडद्यापुढे.’

‘तिथे कोळीनृत्य आहे, काका.’

‘ते शेवटी घ्या. होडी लावायला तुम्हाला दरवर्षी दहा मिनिटं लागतात आणि तोवर लोक नुसता पडदा बघतात. हे पुढे सात मिनिटं करतील, तुम्ही मागे होडी लावा.’

होडीचा मुद्दा त्यांना पटला. कलेचा पटला नसता. तर त्या वर्षी म्हातारबुवा शेवटून दुसरे आले. तेच सदरा-पायजम्यातले गृहस्थ, तीच सात मिनिटं, तोच माईक. एवढंच, की या वेळी लोक बसलेले होते, हसून झालेले होते, आणि पुढे काय येतं म्हणून गप्प होते. भोंगा झाला. मागच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साचे एकेक करून सुरू झाले तसं कोणी खोकेनासुद्धा. शेवटी सगळं बंद पडून जी शांतता झाली, तीही त्यांच्याच नंबरातली आहे हे लोकांना बरोबर कळलं. टाळ्या जरा उशिराच आल्या.

बक्षीस मात्र मिळालं नाही. गुणपत्रिकेत ‘वेशभूषा : १० पैकी’ असा रकाना आहे आणि रोजच्या कपड्यांना गुण देऊ नयेत अशी तळटीप. मी तिथे ‘कितवा?’ आणि ‘किती मिनिटं?’ असे दोन रकाने घाला म्हणून सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, छापील गुणपत्रिका अजून दोनशे शिल्लक आहेत.

कापण्याच्या कलेचा एक नमुना तर थेट इतिहासात गेला आहे. १८९९ साली मिनेसोटातल्या सेंट पॉल गावी एका बियरच्या गुत्त्यात एक तरुण जादूगार पत्ते, पाखरं, बेड्या असं सगळं मिळून करत होता. तिथे मार्टिन बेक नावाचा व्यवस्थापक बसला होता. पश्चिमेकडच्या ऑर्फियम थिएटरांचे नंबर तोच ठरवायचा. त्याने पोराला सांगितलं, की बाकीची किरकोळ जादू सोड, बेड्यांतून सुटतोस तेवढंच ठेव. पोराचं नाव हूडिनी. त्याला कोणी ‘एकूण प्रयोग सफाईदार’ म्हणालं असतं, तर तो जन्मभर पाखरं काढत बसला असता. चांगल्या परीक्षकाने काय वाईट आहे याची यादी द्यायची नसते. काय राहू द्यावं ते एक सांगायचं असतं.

इथवर वाचून तुमचा समज होईल, की हे मॅनेजर म्हणजे कलेचे कैवारी संतच. छे! त्यांच्या पेन्सिलीला दुसरंही टोक होतं.

पहिलं म्हणजे सोवळं. कुठला शब्द चालणार नाही याची सूचना नटांना आधीच टांगलेली असे. साधे ‘गाढवा’, ‘लेका’च्या तोडीचे शब्दसुद्धा त्यात धरलेले. त्यातून काही सुटलंच तर कापण्याचा हुकूम निळ्या लिफाफ्यातून येई. इंग्रजीत चावट विनोदाला ‘निळा’ म्हणतात तो या लिफाफ्यावरूनच, असं सांगतात. शपथेचा एक शब्द कापणाऱ्या याच पेन्सिलीला तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची टर उडवणारे नंबर मात्र खुपत नव्हते. बर्ट विल्यम्स हा तर स्वतः कृष्णवर्णी आणि अव्वल दर्जाचा विनोदवीर. पण त्यालाही वरून काजळी लावूनच रंगमंचावर यावं लागे. कानाला लागलेला शब्द कापायला सोपा असतो. डोळ्यांना सवय झालेली गोष्ट कापायची, तर आधी ती दिसावी लागते.

दुसरं म्हणजे भाकरी. हे रिपोर्ट नटांसाठी नव्हते. एका गावच्या मॅनेजरने सोमवारी चार ओळी खरडल्या, की त्या नटाच्या आधी पुढच्या गावी पोचत. तो पेटी घेऊन उतरायचा तेव्हा त्याची किंमत तिथे ठरलेली असायची, आणि का ठरली हे त्याला विचारायची सोय नव्हती. १९०६ पासून आल्बीच्या हाती एकच मोठं बुकिंग ऑफिस आलं. काम मिळायचं ते तिथूनच, आणि काम दिल्याबद्दल नटाच्या पगारातून पाच टक्के दलालीही तेच कापायचं. मध्ये एजंट असेल तर त्याचा घास निराळा. प्रतिस्पर्ध्याच्या थिएटरात काम केलंत, तर नाव काळ्या यादीत. नटांनी १९०० साली आपली संघटना काढली, नाव ‘व्हाइट रॅट्स’, पांढरे उंदीर. इंग्रजीत ‘स्टार’ उलटा वाचला की ‘रॅट्स’ होतं, ही त्यातली खोच. १९०१ मध्ये त्यांनी दलालीवरून संप केला. १९१६-१७ च्या संपात मात्र संघटना मोडली, आणि आल्बीने स्वतःच्या पंखाखाली नटांची एक नवी, गरीब गायीसारखी संघटना उभी करून दिली. पुढे काम हवं असेल तर तिचं सभासद व्हावं लागे. मालकानेच काढलेल्या युनियनचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना मी अधिक सांगायला नको.

म्हणजे बघा, फुकट पासावरचा परीक्षक निरुपद्रवी खरा, पण निरुपयोगी. आणि ज्याच्या शब्दाला किंमत आहे, त्याच्या शब्दाने चुली विझतात. यातून वाट काय? माझ्या मते एकच. परीक्षकाने लिहिलेलं ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या हातात पडलं पाहिजे, आणि त्यालाही दोन शब्द ऐकवायची मुभा पाहिजे.

ती मुभा काही कलावंत कोर्टापर्यंत नेतात, तो भाग वेगळा. आयोवातल्याच चेरी भगिनी. आपण गातो, अभिनय करतो आणि लोकांना सन्मार्गाला लावतो अशी त्यांची मनोमन खात्री. ती खात्री त्यांच्याखेरीज फारशी कोणाला नव्हती. १८९६ साली ऑस्कर हॅमरस्टीनने त्यांना न्यूयॉर्कला आपल्या ऑलिंपिया थिएटरात आणलं. चांगलं चांगलं आणून थकलो, आता वाईटातलं वाईट आणून बघतो, असा त्याचा हिशेब होता म्हणतात. आणि लोक आले! त्यांच्या खेळात भाजीपाल्याचा वर्षाव व्हायचा आणि म्हणून पुढे जाळी लावत, अशी आख्यायिका आहे. पुढे आयोवातल्या एका छोट्या पत्राने त्यांच्यावर अत्यंत झणझणीत परीक्षण लिहिलं, ते ‘डी मॉइन लीडर’ने १८९८ मध्ये पुन्हा छापलं, आणि भगिनींनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९०१ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : जो लोकांना बोलावून खेळ दाखवतो, त्याच्या खेळावर लोकांना मोकळेपणी, कडक आणि खोचकही बोलता येतं. तिथल्या समीक्षकांच्या स्वातंत्र्याचा एक मोठा खांब या भगिनींच्या गाण्यावर उभा आहे. माझ्या सिद्धांताला अपवाद म्हणून मी त्यांना बरीच वर्षं धरून होतो, की यांना कुठल्याही नंबरावर ठेवा, पडणारच. पण नाही. ‘वाईटातलं वाईट’ ही जागा मोकळी होती, तिथे हॅमरस्टीनने त्यांना ठेवलं, आणि खुर्च्या भरल्या. त्यांना त्या जागेचं नाव कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच मला त्यात खुपतं.

आता शेवटचा नंबर. लोक उठायला लागलेले असतात, टोप्या शोधत असतात, तेव्हाचा.

२९ जून १८९६ या दिवशी कीथच्या न्यूयॉर्कमधल्या युनियन स्क्वेअर थिएटरात, इतर नंबरांच्या बरोबरीने, एक नवा नंबर लागला. पडद्यावर हलणारी चित्रं. फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंचं यंत्र. त्यानंतर आठच दिवसांनी, ७ जुलैला, तेच नवल आमच्या मुंबईत वॉटसन हॉटेलात लागलं. नवेपणाची धूम ओसरल्यावर व्हॉडव्हिलवाल्यांनी या चित्रांना बहुतेक ठिकाणी शेवटची जागा दिली. सतत चालणाऱ्या खेळात आधीचे प्रेक्षक उठावेत म्हणून ती लावत, असंही म्हणतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही, पण मानाचं पान ते नव्हतं हे नक्की. ज्या मंडळींनी कसरतवाल्यापासून कुत्र्यांपर्यंत प्रत्येकाची जागा अचूक ओळखली, ज्यांच्या रंगमंचावर १९२० साली पॅलेसला हेलन केलर येऊन वीस मिनिटांत लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन गेली आणि तिलाही ज्यांनी मिनिटांच्या हिशेबात नीट बसवलं, त्यांना शेवटच्या नंबरावर बसलेला हा मुका गडी कोण आहे ते काही ओळखू आलं नाही. तो बसल्या जागेवरून एकेक नंबर पुढे सरकत आला. १९२८ साली आल्बीची सगळी थिएटरं सिनेमाच्या धंद्यात ओढली गेली. आल्बी बाजूला पडला आणि १९३० साली वारला. १९३२ मध्ये खुद्द पॅलेसचं सिनेमाघर झालं.

पेन्सिल घेऊन दर सोमवारी दुपारी बसणाऱ्या त्या मॅनेजरांचं काय झालं असेल, असा विचार माझ्या मनात येतो. सिनेमाला कापायला सांगता येत नाही. ‘दोन मिनिटं कमी करा’ म्हटलं तर पडद्यावरची बाई ऐकत नाही. आणि सोमवारी दुपारी वाईट आणि रात्री चांगला असं तर त्याचं कधी होतच नाही. ज्या खेळात बदल होऊच शकत नाही, त्याला परीक्षक फक्त नाव ठेवू शकतो, मदत करू शकत नाही. माझ्या अंदाजाने ‘नेपथ्य यथायोग्य, प्रकाशयोजना अनुरूप’ या भाषेचा जन्म तिथेच कुठेतरी झाला असावा.

पॅलेस थिएटर पुढे पुन्हा नाटकांकडे वळलं आणि आजही उभं आहे, बरं का. मात्र होतं त्या उंचीवर नाही. टाइम्स स्क्वेअरमधली ती जागा इतकी महाग झाली, की अलीकडे आख्खं प्रेक्षागृह, नक्षीकामासकट, तीस फूट वर उचलून ठेवलं आणि २०२४ साली पुन्हा उघडलं. खाली रस्त्यालगत दुकानांना जागा हवी होती. पहिला नंबर दुकानांचा, नाटकाचा त्यानंतर. हे नंबर कोणी लावले, त्याचा रिपोर्ट काही अजून माझ्या वाचनात आलेला नाही.